साथ ओसरल्यावर सांधेबदल शस्त्रक्रिया पुन्हा सुरू करताना: रांगेत आधी कोण आणि ते ठरवायचं कोणी?

'ऐच्छिक शस्त्रक्रिया' हा शब्द मला कधीच पटला नाही. ऐच्छिक म्हटलं की शाळेतला ऐच्छिक विषय आठवतो. घेतला तर घेतला, नाही तर नाही. गुडघ्यातली कूर्चा पार झिजून हाडावर हाड घासतंय, रात्री कूस बदलताना कळ येऊन जाग येते, संडासातून उठायला दुसऱ्याचा हात लागतो, अशा माणसाच्या ऑपरेशनला ऐच्छिक म्हणणं क्रूर आहे. वैद्यकात 'इलेक्टिव्ह' या शब्दाचा अर्थ एवढाच, की या शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरवता येते. म्हणून या लेखात मी 'नियोजित' हाच शब्द वापरणार आहे. शब्दावर इतका वेळ घालवण्याचं कारण आहे. साथीच्या काळात काय थांबवायचं आणि नंतर काय आधी सुरू करायचं, हे अनेक ठिकाणी या एका शब्दाच्या जोरावर ठरलं.

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ला महासाथ म्हटलं. त्यानंतरच्या आठवड्याभरात इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया पुढे ढकलायला सांगितल्या, अमेरिकेतल्या केंद्रीय यंत्रणेने १८ मार्चला तसाच सल्ला दिला आणि इतर देशांतही तेच झालं. कोविडसर्ज या आंतरराष्ट्रीय संशोधकगटाच्या अंदाजानुसार, साथीच्या ऐन भरातल्या १२ आठवड्यांत जगभरात सुमारे २ कोटी ८४ लाख शस्त्रक्रिया रद्द झाल्या किंवा लांबल्या.

थांबवणं चुकीचं नव्हतं. शस्त्रक्रियेच्या आगेमागे कोविड झालेल्या १,१२८ रुग्णांची माहिती याच गटाने २४ देशांतून गोळा केली, तेव्हा ३० दिवसांतला मृत्युदर २३.८ टक्के निघाला. त्यात तातडीच्या आणि कर्करोगाच्याही शस्त्रक्रिया होत्या आणि ती पहिली लाट होती, हे खरं. तरीही गुडघा बदलायला आलेल्या माणसाला अशा धोक्यात कोणी लोटणार नाही.

पण थांबण्याचीही किंमत असते आणि ती थांबलेला माणूस मोजतो. ब्रिटनमध्ये २०२० साली सांधेबदलासाठी ताटकळलेल्या रुग्णांची पाहणी झाली. जीवनमान मोजण्याच्या एका प्रमाणित प्रश्नावलीत खुब्यासाठी थांबलेल्यांपैकी सुमारे एक तृतीयांश आणि गुडघ्यासाठी थांबलेल्यांपैकी एक पंचमांशाहून जास्त जणांचे गुण शून्याखाली होते. त्या मोजपट्टीवर शून्य म्हणजे मृत्यू. शून्याखालचं जगणं मरणाहून वाईट मानलं जातं.

पुढच्या पायऱ्या अस्थिरोग विभागाच्या प्रमुखांसाठी, भूलतज्ज्ञांसाठी आणि रुग्णालयाच्या व्यवस्थापनासाठी लिहिल्या आहेत. रांगेतल्या रुग्णांनी आणि घरच्यांनीही त्या वाचाव्यात, कारण इथले बरेचसे प्रश्न त्यांनी रुग्णालयाला विचारण्याजोगे आहेत.

पायरी १: सुरू करायचं की नाही, हे शल्यचिकित्सकाने एकट्याने ठरवू नये

१७ एप्रिल २०२० रोजी अमेरिकेतल्या शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृहातल्या परिचारिका आणि रुग्णालये यांच्या चार संघटनांनी एकत्र निवेदन काढलं. परिसरातले नवे रुग्ण किमान १४ दिवस सातत्याने घटत असावेत आणि रुग्णालयाला आहेत ते सगळे रुग्ण आणीबाणीची पद्धत न वापरता सांभाळता यावेत, ही त्यातली मूळ अट होती. पुढची साथ वेगळी असेल, तिचा अधिशयनकाळही (संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) वेगळा असेल, म्हणून १४ हा आकडा पाठ करण्यात अर्थ नाही. घ्यायची ती पद्धत. उंबरठा आधी लिहायचा, मग आजची स्थिती त्याच्याशी ताडून पाहायची. उलट केलं की उंबरठा हवा तसा सरकतो.

लिहायचं ते आकड्यांत लिहा. अतिदक्षता विभागात रोज किमान किती खाटा मोकळ्या हव्यात? पीपीई किट आणि मास्क किती दिवस पुरतील? रक्तपेढीत कोणत्या गटाच्या किती पिशव्या आहेत? साथीत रक्तदान शिबिरं बंद पडतात हे लक्षात असू द्या. चाचणीचा निकाल किती तासांत येतो? सगळ्यात शेवटी विचारला जातो आणि सगळ्यात आधी विचारायला हवा तो प्रश्न म्हणजे, माणसं कुठे आहेत? खाट मोकळी आहे म्हणजे त्या खाटेजवळ सिस्टर आहे असं होत नाही. महिनोन्महिने कोविड वॉर्डात राबलेल्या परिचारिकांना सोमवारपासून दिवसाला सहा गुडघे लावायला उभं करणं हाही नैतिक प्रश्न आहे. त्यांना विचारा, रजा द्या, मग वेळापत्रक करा. दमलेल्या माणसाच्या हातून निर्जंतुकीकरणात चूक होते आणि सांधेबदलात अशी चूक रुग्णाला वर्षानुवर्षं भोगावी लागते.

आता पैशाबद्दल, कारण बैठकीत तो विषय कोणी काढत नाही. सांधेबदल हा अनेक रुग्णालयांच्या उत्पन्नाचा मोठा भाग आहे. शस्त्रक्रिया बंद म्हणजे उत्पन्न बंद आणि उत्पन्न बंद म्हणजे पगार अडकणार. ही चिंता खोटी नाही. पण ती लपवून 'रुग्णहितासाठी लवकर सुरू करू' असं म्हणणं खोटं आहे. म्हणून निर्णय घेणाऱ्या समितीत ज्याचं उत्पन्न दर ऑपरेशनमागे ठरत नाही अशी माणसं बहुसंख्य असावीत: पगारावरचे भूलतज्ज्ञ, संसर्गनियंत्रण पाहणारे डॉक्टर, परिचारिका प्रमुख आणि रुग्णालयाबाहेरची किमान एक व्यक्ती. शल्यचिकित्सकांनी माहिती द्यावी, मत मांडावं आणि मतदानाच्या वेळी बाजूला व्हावं. आर्थिक बाजूही इतिवृत्तात लिहावी. उघड लिहिलेल्या हितसंबंधाला लगाम घालता येतो.

पायरी २: जुनी यादी नव्याने वाचा

साथीआधीची प्रतीक्षायादी हा आता जुना कागद आहे. त्यातले काही जण गेले. काहींनी दुसरीकडे शस्त्रक्रिया करून घेतली. काहींचा गुडघा वर्षभरात वाकडा होऊन बसला. काहींना आता भीतीच वाटते. काहींच्या घरी शस्त्रक्रियेनंतर जे सांभाळणार होते तेच राहिले नाहीत. ही यादी तशीच वरून खाली चालवली तर अन्याय होतो आणि बाजूला टाकून नवी केली तर त्याहून मोठा.

म्हणून प्रत्येकाला फोन करा. 'शस्त्रक्रिया हवी आहे का' एवढंच विचारून फोन ठेवू नका. रात्री वेदनेने झोप मोडते का, न थांबता किती चालता येतं, गेल्या तीन महिन्यांत पडलात का, वेदनाशामक कोणतं आणि दिवसाला किती घेता, अंघोळ आणि कपडे स्वतःचे स्वतः होतात का, घरी कोण असतं, हे विचारा. साथीचा आजार झाला होता का, कधी, आणि त्यात स्टेरॉइड दिलं होतं का, हेही विचारा. कोविडनंतर स्टेरॉइड घेतलेल्या काही रुग्णांत मांडीच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून तो खचल्याचं दिसलं आहे. गुडघ्यासाठी यादीत असलेला माणूस 'आता जांघेत दुखतं' म्हणाला तर त्याच आठवड्यात खुब्याची तपासणी करा.

एक नियम मात्र पाळाच. फोन उचलला नाही म्हणून नाव कापायचं नाही. फोन न उचलणाऱ्यांत बहिरे असतात, नंबर बदललेले असतात, मुलाच्या फोनवर अवलंबून असलेल्या आया असतात, परगावी कामाला गेलेले असतात. वेगवेगळ्या वेळी तीन फोन, मग घरच्या पत्त्यावर पत्र, मग मूळ पाठवणाऱ्या डॉक्टरांकडे चौकशी, एवढं झाल्यावरही पत्ता लागला नाही तर नाव वेगळ्या रकान्यात ठेवा आणि तो माणूस उद्या दारात आला तर त्याची मूळ तारीख त्याला परत द्या. जो ओरडतो तो वर येतो आणि जो गप्प बसतो तो गळतो, ही प्रतीक्षायादीची खोड आहे. ती इथेच मोडता येते.

पायरी ३: क्रम लावणं

सगळ्यात कठीण पायरी हीच. म्हणून इथे थोडं थांबू.

ब्रिटनमध्ये साथीच्या काळात शस्त्रक्रियांचे स्तर पाडले गेले. तातडीच्या पहिल्या, महिन्याभरात हव्यात त्या दुसऱ्या, तीन महिन्यांत हव्यात त्या तिसऱ्या आणि तीन महिन्यांहून जास्त थांबू शकतात त्या चौथ्या स्तरावर. खुबा आणि गुडघाबदलाचे बहुतेक रुग्ण चौथ्या स्तरावर गेले. एका रुग्णाकडे पाहिलं तर हे बरोबरच वाटतं, तीन महिन्यांनी त्याचा जीव जात नाही. पण वरच्या स्तरांत रोज नवे रुग्ण भरत राहतात आणि चौथ्याची पाळी येतच नाही. 'थांबू शकतो' चं 'थांबतच राहतो' होतं. म्हणून दर आठवड्याच्या शस्त्रक्रियागृहाच्या वेळेतला ठरावीक वाटा या स्तरासाठी राखून ठेवा आणि तीन महिने उलटलेल्या प्रत्येकाची फेरतपासणी करून त्याला वर आणायचं का ते ठरवा.

दुसरी पद्धत शिकागो विद्यापीठातल्या शल्यचिकित्सकांनी २०२० मध्ये मांडली. शस्त्रक्रियेला किती साधनं लागतील, आजार किती थांबू शकतो आणि रुग्णाची प्रकृती कशी आहे, अशा २१ घटकांना प्रत्येकी १ ते ५ गुण द्यायचे. बेरीज २१ ते १०५ येते. जास्त गुण म्हणजे धोका आणि साधनांचा खर्च जास्त, म्हणून ती शस्त्रक्रिया मागे. पद्धत चांगली आहे, कारण ती सगळ्यांना एकाच मापाने मोजते. पण तिचा कल ओळखून वापरा. वय, मधुमेह, हृदयविकार, फुप्फुसाचे आजार यांनी गुण वाढतात आणि माणूस मागे जातो. नेमके हेच लोक सांधेदुखीनेही सर्वात जास्त जखडलेले असतात. साथ भरात असताना हे समर्थनीय आहे. साथ ओसरल्यावरही तेच गुण चालू ठेवले तर धडधाकटांना नवे गुडघे मिळत राहतात आणि जर्जर झालेले घरात बसून राहतात.

दोन माणसं डोळ्यांसमोर आणा. एक ५२ वर्षांचे, बाकी प्रकृती ठणठणीत, जिना चढताना गुडघा दुखतो, दुसऱ्या दिवशी घरी जाऊ शकतील. दुसऱ्या ७४ वर्षांच्या, मधुमेह आणि हृदयाची जुनी तक्रार, खुबा इतका आखडलाय की सहा महिन्यांत घराबाहेर पडलेल्या नाहीत. सुरुवातीला अतिदक्षता खाटांची खात्री नसताना पहिल्यांना आधी घेणं योग्य आहे, कारण दुसऱ्यांना काही झालं तर खाटच नसेल. पण हे 'सुरुवातीला' किती दिवस, हे आधीच लिहून ठेवा. माझ्या मते चार आठवडे पुरेत. त्यानंतर दर आठवड्याला ठरावीक जागा दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांसाठी, अतिदक्षता खाट राखून, असायला हव्यात. मुदत नसलेला तात्पुरता नियम कायमचा होतो.

मी स्वतः यादीचे तीन गट करायला सांगेन. पहिल्या गटातल्या शस्त्रक्रियांना नियोजित म्हणूच नये: कृत्रिम सांध्यात झालेला जंतुसंसर्ग, कृत्रिम सांध्याभोवतीचं हाड मोडणं, वृद्धाच्या खुब्याचं हाड मोडणं. या कधीच थांबायला नकोत. थांबल्या असतील तर कामाची सुरुवात तिथून करा. दुसरा गट, थांबल्याने कायमचं नुकसान होणाऱ्यांचा: वेगाने खचणारा खुब्याचा गोळा, सैल झालेल्या कृत्रिम सांध्यामुळे झिजणारं हाड, वाकलेल्या अवस्थेत आखडत चाललेला गुडघा, पुन्हापुन्हा पडणारे, अफूजन्य वेदनाशामकांची मात्रा वाढत चाललेले. उशीर झाला की यांची शस्त्रक्रिया अवघड होते आणि तिचा परिणामही कमी होतो. तिसऱ्या गटात दुखणं आहे, पण स्थिर आहे. तिथे कोण आधी याचं उत्तर साधं असावं: मूळ नोंदणीची तारीख. रुग्णालय बंद असतानाचा काळही त्याच्या थांबण्यात धरा. दोघं सगळ्याच बाबतींत सारखे निघाले तर चिठ्ठी टाका. चिठ्ठीत डॉक्टरची आवडनिवड शिरत नाही.

माणसाचं समाजातलं मोल मोजायचं का? पद, प्रसिद्धी आणि कमाई यांना शून्य गुण. या मतावर मी ठाम आहे. पण ज्या बाईच्या हिंडण्याफिरण्यावर अंथरुणाला खिळलेला नवरा किंवा अपंग मूल अवलंबून आहे, तिच्या थांबण्याने दोघं अडकतात. हातावर पोट असलेला मजूर उभा राहू शकला नाही तर घरची चूल अडते. अशा अवलंबनाला थोडं वजन द्यावं असं मला वाटतं. अट एकच, ते वजन किती हे आधी लिहिलेलं असावं आणि सगळ्यांना सारखं लागू व्हावं. समोरचं कुटुंब पाहून मन द्रवलं म्हणून ऐनवेळी वजन द्यायचं नाही.

वयाची सरसकट मर्यादा नको. वयामुळे धोका वाढत असेल तर तो धोका मोजा, वय नको. वजनाच्या आणि रक्तशर्करेच्या मर्यादांबाबतही जपून. जखम भरण्यावर वजनाचा आणि साखरेचा परिणाम होतो, त्यामुळे त्या निराधार नाहीत. पण टाळेबंदीत चालणं बंद झालं, तपासण्या हुकल्या, आहार बिघडला आणि दुखऱ्या गुडघ्याने व्यायाम होत नव्हताच. अशा वेळी 'वजन कमी करून या' एवढं सांगून दार लावणं म्हणजे आपण केलेल्या उशिराची शिक्षा त्याला देणं. मर्यादा लावायची तर सोबत आहारतज्ज्ञ, मधुमेहाचे उपचार आणि फेरतपासणीची तारीख द्या, आणि तोवर त्याची जागा राखा.

आणि वशिला. प्रत्येक रुग्णालयात फोन येतात. 'आपला माणूस आहे, जरा लवकर बघा.' हे थांबवण्याचा मला माहीत असलेला सर्वात परिणामकारक उपाय म्हणजे वही. क्रमात झालेला प्रत्येक बदल, बदलाचं कारण आणि तो कोणी मागितला त्याचं नाव त्यात लिहायचं. महिन्याच्या बैठकीत ती वही वाचायची. आपलं नाव मोठ्याने वाचलं जाणार हे कळल्यावर बरेच फोन येतच नाहीत. पैसे भरणारे आणि मोफत उपचारांचे रुग्ण एकाच ठिकाणी असतील तर दोन्हींच्या जागा आधी ठरवून घ्या, एकीची जागा दुसरीत वळवू नका.

पायरी ४: संमती नव्याने घ्या

साथीआधी सही केलेलं संमतीपत्र आता उपयोगाचं नाही. धोके बदलले आहेत, रुग्णाची प्रकृती बदलली आहे. नवं संभाषण बसून करा.

काय सांगायचं? रुग्णालयात संसर्ग होऊ शकतो आणि शस्त्रक्रियेच्या ताणात तो जास्त घातक ठरू शकतो. नातेवाइकांना भेटण्यावर बंधनं असतील. फिजिओथेरपीचा काही भाग फोनवर किंवा व्हिडिओवर होईल. साथ पुन्हा वाढली तर तारीख आदल्या दिवशीही रद्द होऊ शकते. आणि याच बैठकीत थांबण्याचेही धोके सांगा, नाहीतर चित्र एकतर्फी होतं. स्नायू क्षीण होतील, सांधा आखडेल, वेदनाशामकांचे दुष्परिणाम वाढतील, दुसऱ्या पायावर ताण येईल. 'काही होणार नाही, काळजी करू नका' हे वाक्य संमतीच्या बैठकीत नको, आणि 'आत्ता नाही केलंत तर मग कधी नंबर लागेल सांगता येत नाही' हेही नको. पहिलं खोटा दिलासा देतं, दुसरं धमकावतं.

भीती वाटते म्हणून रुग्णाने नकार दिला तर तो नकार मान्य करा आणि त्याची मूळ तारीख तशीच ठेवा. नकार देणाऱ्याला यादीच्या शेवटी टाकणं म्हणजे त्याच्या संमतीची किंमत वसूल करणं.

आणि रुग्णाशी काही वेळ एकट्याने बोला. म्हाताऱ्या माणसाच्या वतीने मुलं उत्तरं देतात. 'आता या वयात कशाला', 'पुढच्या वर्षी बघू', कधी उलट, 'उरकून टाका'. आई मान हलवत असते. तिला वेगळं विचारलं की वेगळं उत्तर येतं, असा अनुभव या कामातल्या अनेकांना असेल. खुबा तिचा आहे.

पायरी ५: धोका कमी करा, पण घरावर ढकलू नका

इथली तांत्रिक बाजू बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. कोविडबाबत सर्वात उपयोगी आकडे २०२१ मध्ये आले. ११६ देशांतल्या १,४०,२३१ रुग्णांच्या अभ्यासात, संसर्ग न झालेल्यांत शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांतला मृत्युदर १.५ टक्के होता. संसर्गानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांत तो ४.१ टक्के आणि पाच-सहा आठवड्यांतही ३.६ टक्के होता. सात आठवड्यांनंतर तो पुन्हा १.५ वर आला. लक्षणं टिकून असलेल्यांत मात्र सात आठवड्यांनंतरही तो ६ टक्के होता. म्हणून 'सात आठवडे झाले' एवढ्यावर थांबू नका, दम लागतो का ते विचारा. ही माहिती लसीकरण फारसं झालेलं नव्हतं तेव्हाची आहे. पुढच्या साथीत असा अभ्यास येईपर्यंत नियोजित सांधेबदलाने घाई करू नये.

शक्य तिथे पाठीत इंजेक्शन देऊन कमरेखालची भूल द्या, श्वासनलिकेत नळी घालणं टाळा. करवत, ड्रिल आणि जोरात पाणी मारून धुणं यांनी हवेत तुषार उडतात, त्यामुळे शस्त्रक्रियागृहात गरजेपुरतीच माणसं असू द्या. साथीच्या आणि नियोजित रुग्णांचे मार्ग, लिफ्ट आणि कर्मचारी वेगळे ठेवा. एकाच वेळी दोन्ही गुडघे बदलणं सुरुवातीला टाळा, त्यात रक्त जास्त जातं आणि राहणंही लांबतं. नवं यंत्र, नवा इम्प्लांट, नवं तंत्र सुरू करायची ही वेळ नव्हे. संघाची घडी बसेपर्यंत जे हाताला सवयीचं आहे तेच करा. वर्षभर शस्त्रक्रिया न पाहिलेल्या शिकाऊ डॉक्टरांना संधी द्यायलाच हवी, पण ज्येष्ठ डॉक्टर हात धुऊन शेजारी उभे असताना, आणि रुग्णाला आधी सांगून.

लवकर घरी पाठवण्याबद्दल मात्र थोडं जास्त लिहितो. दुसऱ्या दिवशी घरी गेल्याने संसर्गाचा धोका आणि खाटांवरचा भार कमी होतो. पण वॉर्डातली सिस्टर आणि फिजिओथेरपिस्ट जे करत होते ते आता घरी सून, मुलगी किंवा म्हातारा नवरा करतो. त्याला कोणी विचारलेलं नसतं. तारीख देण्याआधी घरच्यांना विचारा: पहिले दोन आठवडे रात्री कोण असेल? संडास कमोडचा आहे का? जिना आहे का? वॉकर आणला का? जखमेतून पाणी आलं तर कोणाला फोन करायचा? एकट्या राहणाऱ्याकडे या प्रश्नांची उत्तरं नसतात. म्हणून त्याला यादीत मागे ढकलायचं नाही, त्याच्यासाठी चार दिवस जास्तीची खाट ठरवायची.

पायरी ६: ज्यांचा नंबर लागला नाही त्यांची जबाबदारी

तारीख मिळाली नाही म्हणजे तो आपला रुग्ण राहिला नाही असं नाही. तोवर त्याच्या वेदनेवर उपचार चालू ठेवणं हे आपलं कर्तव्य आहे. व्यायामाचा आखलेला कार्यक्रम, काठी योग्य हातात धरायची रीत (दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात), वजनावर मदत, पॅरासिटामॉल आणि लावायची मलमं. तोंडाने घ्यायची सूज कमी करणारी वेदनाशामकं महिनोन्महिने चालली असतील तर मूत्रपिंड, रक्तदाब आणि पोट तपासा. अफूजन्य औषधं शक्यतो सुरूच करू नका. शस्त्रक्रियेआधी ती दीर्घकाळ घेतलेल्यांना नंतर वेदना आटोक्यात आणणं जड जातं.

सांध्यातल्या स्टेरॉइड इंजेक्शनबद्दल खास सावध राहा. 'तोवर हे देऊन ठेवू' असं सहज होतं. पण शस्त्रक्रियेच्या आधीच्या तीन महिन्यांत असं इंजेक्शन दिलं तर कृत्रिम सांध्यात जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. म्हणजे आज दिलेल्या इंजेक्शनमुळे पुढच्या महिन्यात मोकळी होणारी जागा रुग्णाला घेता येत नाही. हे त्याला सांगून मगच सुई उचला.

आणि प्रत्येकाला एक चालू फोन नंबर द्या. तो उचलणारा माणूस ठरलेला असावा. अचानक चालता न येणं, ताप आणि सांध्याला सूज, पडणं, पायाची ताकद जाणं, यांपैकी काही झालं तर यादीतल्या नंबराकडे न बघता तपासणी होईल, हे लेखी द्या.

पायरी ७: नियम उघड करा आणि आव्हान देऊ द्या

आरोग्यसेवेतल्या वाटपाबाबत तत्त्वज्ञ नॉर्मन डॅनियल्स आणि मनोविकारतज्ज्ञ जेम्स सॅबिन यांनी चार अटी मांडल्या होत्या: निर्णय आणि त्याची कारणं सर्वांना दिसावीत, ती कारणं सगळ्यांना रास्त वाटण्याजोगी असावीत, निर्णयाला आव्हान देता यावं, आणि हे सगळं खरंच पाळलं जातं का यावर कोणाची तरी देखरेख असावी. मला हा आराखडा आवडतो, कारण सगळ्यांचं एकमत होईल असं तो गृहीत धरत नाही. क्रमाबाबत मतभेद राहणारच. पण कारण माहीत असेल आणि दाद मागायला जागा असेल, तर मागे राहिलेला माणूसही ते सोसू शकतो.

प्रत्यक्षात काय करायचं? क्रम लावण्याचे नियम सोप्या भाषेत, मोठ्या अक्षरांत, बाह्यरुग्ण विभागाच्या भिंतीवर लावा. आपण कोणत्या गटात आहोत आणि का, हे प्रत्येक रुग्णाला कळवा. तक्रार आली तर मूळ निर्णयात नसलेल्या दोन डॉक्टरांनी सात दिवसांत उत्तर द्यावं. दर महिन्याला मोजा: किती शस्त्रक्रिया झाल्या, ३० दिवसांत किती जणांना संसर्ग झाला, किती जणांना परत दाखल करावं लागलं. त्याच तक्त्यात हेही लिहा की ज्यांचा नंबर लागला त्यांत बायका किती, दूरवरून येणारे किती, मोफत उपचारांतले किती, आणि यादीत त्यांचं प्रमाण किती होतं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की नियम कागदावर बरोबर असूनही कुठे वाकतोय ते दिसतं.

पायरी ८: पुन्हा थांबावं लागलं तर

लाटा परत येतात. सुरू करायचे आकडे पहिल्या पायरीत लिहिले तसे थांबायचेही लिहा: अतिदक्षता विभागातल्या किती खाटा भरल्या की नवी तारीख देणं बंद, किती भरल्या की दिलेल्या तारखाही रद्द. सुरू करायला लागते तेवढी चर्चा थांबायला लागू नये, आकडा ओलांडला की थांबायचं. पहिल्या गटातल्या शस्त्रक्रिया तेव्हाही चालू राहतील हे तिथेच नमूद करा. दुसऱ्या गटातल्यांपैकी कोणाला दुसऱ्या रुग्णालयात पाठवता येईल याचं बोलणं शांततेच्या दिवसांतच करून ठेवा.

तारीख रद्द झाल्याचा फोन कार्यालयातून जाऊ नये. ज्याने संमती घेतली त्या डॉक्टरने स्वतः करावा. त्या माणसाने रजा टाकलेली असते, मुलीला बोलावून घेतलेलं असतं, आदल्या रात्री उपाशी राहायची तयारी केलेली असते. फोनवर आधी त्याचं ऐकून घ्या. मग का रद्द झाली ते सांगा, मूळ नोंदणीची तारीख कायम आहे ते सांगा, औषधं पुरेशी आहेत का ते विचारा. नवी तारीख हातात नसेल तर अंदाजाने देऊ नका. पुढचा फोन कोणत्या दिवशी येईल ते सांगा, तो दिवस स्वतःच्या डायरीत लिहा आणि त्या दिवशी सांगण्यासारखं काही नसलं तरी फोन करा.